साखरझोप मोडणारी गाडी: पहाटे माल उतरवणाऱ्या वाहनांचा आवाज कमी कसा करून घ्यावा

घर बघायला आपण जातो ते दुपारी, नाहीतर संध्याकाळी. पहाटे पाचला कुणी घर बघायला जात नाही. त्यामुळे राहायला आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं, की खालच्या दुकानाची किंवा कोपऱ्यावरच्या गोदामाची मालाची गाडी रोज रामप्रहरी येते आणि ती गेल्यावर पुन्हा काही डोळा लागत नाही. मी अशाच एका गल्लीत सात वर्षं राहते आहे. पहिलं दीड वर्ष नुसती चिडण्यात गेलं. पुढे हळूहळू काय करायचं ते समजत गेलं, आणि आज माझ्या खिडकीखाली गाडी येते, माल उतरतो, पण बहुतेक दिवस मी झोपलेलीच असते.

मला उशिरा उमगलेली गोष्ट आधीच सांगून टाकते. ‘गाडीचा आवाज’ असा एक आवाज नसतो. दहा-बारा वेगवेगळे आवाज असतात, त्यातला प्रत्येक कुणाच्या तरी हातातला असतो, आणि त्यांतले दोन-तीनच तुमची झोप मोडत असतात. ते शोधून काढले आणि नेमक्या माणसाकडे नेमकी गोष्ट मागितली, तर बरंच काही हलतं. ‘आवाज बंद करा’ एवढंच म्हणत राहिलं तर काहीच हलत नाही.

आधी हे समजून घ्या: पहाटेच जाग का येते

घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘दिवसभर एवढी रहदारी असते तिचं काही वाटत नाही, आणि एका टेम्पोचं एवढं काय?’ असं ऐकलं की आपलंच चुकतंय असं वाटू लागतं. तसं नाही. रात्रीच्या पहिल्या भागात झोप गाढ असते. उत्तररात्री ती हलकी होत जाते आणि स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढतो. त्या वेळी थोड्याशा आवाजानेही जाग येते. शिवाय तोवर शरीराची झोपेची निकड बरीचशी भागलेली असते, म्हणून एकदा उठलेला माणूस पुन्हा झोपायला फार वेळ घेतो. साखरझोप गेली ती गेलीच.

दुसरं कारण गल्लीच्या शांततेत आहे. दिवसा सगळीकडून गुणगुण चालू असते, तिच्यात एखादा दणका विरून जातो. पहाटे मागची गुणगुण नसते, त्यामुळे तोच दणका एकटा आणि धारदार ऐकू येतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर भिंतींवरून आवाज परतत राहतो आणि वरच्या मजल्यांपर्यंत पोचतो.

आता थोडे आकडे, कारण पुढे कुणाशी बोलताना ते उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार नीट झोप लागायची तर झोपायच्या खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर आणि एखाददुसरा सुटा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. याच संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या बाहेरच्या आवाजाची वर्षभराची सरासरी ४० डेसिबल असावी असं सुचवलं, आणि २०१८ मध्ये रस्त्यावरच्या रहदारीसाठी रात्रीचा आकडा ४५ दिला.

यात एक मेख आहे, ती नवख्या माणसाला हमखास फसवते. बहुतेक नियम सरासरीत बोलतात, आणि झोप मोडते ती दणक्याने. समजा, रात्रीच्या आठ तासांत फक्त एकदा, एक सेकंदभर, ८० डेसिबलचा दणका बसला आणि बाकी रात्र पूर्ण शांत गेली. आठ तासांची सरासरी काढली तर ती साधारण ३५ डेसिबल येते. म्हणजे ४० च्या आत. कागदावर ती रात्र शांत ठरते, आणि तुम्ही मात्र पावणेपाचपासून छताकडे बघत पडलेले असता. म्हणून कुणी सरासरी दाखवून ‘सगळं मर्यादेत आहे’ म्हणालं तर गप्प बसू नका. ‘सर्वांत मोठा आवाज किती होता आणि असे किती झाले’ हे विचारा.

पायरी १: दोन आठवडे कानोसा घ्या

लगेच तक्रार करायला धावू नका. उशाशी वही-पेन्सिल ठेवा. जाग आली की तीनच गोष्टी लिहा: वेळ, जाग कशाने आली, आणि गाडी किती वेळ थांबली. मोबाइलचा लख्ख पडदा उघडून लिहू नका, उरलीसुरली झोपही उडते. जमलं तर दोन-तीन दिवस मुद्दाम गजर लावून उठा आणि खिडकीतून सगळा प्रकार पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं याच वहीवर उभं राहतं.

काय काय ऐकू येईल ते सांगते, म्हणजे ओळखायला सोपं जाईल.

गाडी वळणावर येते तेव्हा आधी ऐकू येते ती इंजिनाची घरघर आणि गतिरोधकावरून जाताना हौद्याची आपट. रिकामा हौदा भरलेल्यापेक्षा जास्त आपटतो. याच टप्प्यावर रस्त्यातल्या गटाराचं सैल झाकणही ‘धडक-धडक’ वाजतं. हा आवाज गाडीचा वाटतो, पण तो रस्त्याचा आहे. ते झाकण बसवणं हे रस्त्याची देखभाल करणाऱ्यांचं काम आहे, आणि सगळ्या तक्रारींत हीच सर्वांत लवकर सुटते, म्हणून हिच्याकडे आधी लक्ष द्या.

मग गाडी मागे येऊ लागते. रिव्हर्सचा ‘टूं-टूं-टूं’ सुरू होतो. हा आवाज माणसाच्या कानाला चटकन पकडावा म्हणूनच केलेला आहे: एकाच पट्टीतला आणि थांबून थांबून वाजणारा. त्याची पट्टी साधारण हजार हर्ट्‌झच्या वरची असते आणि अशा आवाजाला कान फार तीक्ष्ण असतो. त्यामुळे चार गल्ल्या पलीकडेही तो ओळखू येतो.

गाडी थांबते. मोठी गाडी असेल तर एअर ब्रेकमधून हवा सुटल्याचा ‘फुस्स’. मग केबिनचं दार उघडतं आणि आतलं गाणं एकदम रस्त्यावर येतं. दार धाडकन लागतं. इंजिन चालूच असतं. थंड माल असेल तर हौद्याच्या पुढच्या बाजूला शीतयंत्र असतं. बऱ्याच गाड्यांत त्याला स्वतःचं वेगळं छोटं डिझेल इंजिन असतं, म्हणून ड्रायव्हरने गाडीचं इंजिन बंद केलं तरी घरघर काही थांबत नाही. ‘इंजिन बंद करतो म्हणाला आणि केलंच नाही’ असं वाटून त्याच्यावर डाफरण्याआधी हे तपासा.

त्यानंतर फाळका, म्हणजे हौद्याची मागची उघडणारी झडप. छोट्या गाडीत खिट्टी काढली की साखळ्या खणखणतात आणि फाळका हौद्यावर आदळतो. मोठ्या गाडीत यंत्रावर खाली-वर होणारा फाळका असतो. त्याची मोटर गुरगुरते आणि शेवटी लोखंडी पत्रा रस्त्याला टेकतो तो धप्पकन. मग ढकलगाड्या आणि चाकांचे जाळीदार पिंजरे. कडक चाकं, खडबडीत फरशी आणि सैल जाळी एकत्र आली की जो खडखडाट होतो त्याला तोड नाही. दुकानाचं शटर वर जातं. कुणीतरी हाक मारतं, कुणीतरी ओरडून उत्तर देतं.

आणि शेवटी रिकामे क्रेट परत गाडीत चढतात. माझ्या वहीत बहुतेक दिवशी जागं करणारा आवाज हाच निघाला. मी दीड वर्ष इंजिनाला दोष देत होते आणि झोप मोडत होती रिकाम्या क्रेटच्या फेकाफेकीने. भरलेला क्रेट जड असतो, माणूस तो सांभाळून ठेवतो. रिकामा हलका असतो, काम संपत आलेलं असतं, म्हणून तो भिरकावला जातो. रिकाम्या पिंजऱ्यांचंही तेच: वजन नसल्यामुळे ते प्रत्येक फटीवर उडतात.

तुमच्या गल्लीत वेगळं काही निघेल. काढून बघितल्याशिवाय कळणार नाही.

पायरी २: कुठली गोष्ट कुणाच्या हातात आहे ते शोधा

पहाटे खिडकीतून दिसतो तो ड्रायव्हर, म्हणून राग त्याच्यावर निघतो. पण गाडी किती वाजता यायची हे तो ठरवत नाही. ते ठरतं दुकान उघडायच्या वेळेवरून, गोदामातून गाड्या सुटायच्या वेळापत्रकावरून आणि शहरातल्या वाहतुकीच्या बंधनांवरून. पुष्कळ शहरांत दिवसा ठरावीक रस्त्यांवर मालवाहू गाड्यांना बंदी असते. कोंडी कमी व्हावी हा हेतू, आणि तो चुकीचाही नाही. पण दिवसा दार बंद केलं की गाड्या पहाटेच्या दाराने येतात. हे फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ज्युलियस सीझरच्या काळात रोम शहरात मालाच्या गाड्यांना दिवसाच्या बऱ्याच वेळात बंदी घातली गेली, आणि गाड्यांची चाकं रात्री दगडी रस्त्यांवर वाजू लागली.

तेव्हा वहीत प्रत्येक आवाजापुढे मालकाचं नाव लिहा. वेळ: दुकानाचा मालक किंवा माल पाठवणारी कंपनी. फाळका, शीतयंत्र, रिव्हर्सचा आवाज: गाडी ज्याची आहे तो वाहतूकदार. ढकलगाडीची चाकं, शटर, मागच्या दाराची फरशी: दुकानदार. गाणं, हाका, दार आपटणं, इंजिन चालू ठेवणं: ड्रायव्हर आणि हमाल. रस्ता, झाकण, गतिरोधक: स्थानिक प्रशासन.

गाडीवरचं नाव आणि नंबर दिवसाउजेडी बघून ठेवा. एकाच दुकानाला तीन-चार वेगवेगळ्या वाहतूकदारांच्या गाड्या येत असतील, तर त्रास बहुधा त्यांतल्या एकीचाच असतो.

पायरी ३: मोजा, पण आकड्यांच्या मागे लागू नका

मोबाइलवर आवाज मोजणारी ॲप मिळतात. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने आयफोनसाठी काढलेलं एक ॲप फुकट आहे आणि बरंच विश्वासाचं आहे. बाकीच्यांचे आकडे फोनगणिक बदलतात. कुठलंही वापरा, पण फोन दर वेळी एकाच जागी आणि खिडकी एकाच स्थितीत ठेवून मोजा. गाडी नसताना किती आणि गाडी आल्यावर सर्वांत जास्त किती, हा फरक महत्त्वाचा. एकटा आकडा फारसं काही सांगत नाही.

डेसिबलचं गणित साधं नाही, एवढं लक्षात असू द्या. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे गाडी तुमच्या खिडकीपासून पाच मीटरवर थांबते ती दहा मीटरवर थांबली, तर काहीही न बदलता सहा डेसिबल कमी होतात. दोन उंच भिंतींच्या गल्लीत थोडे कमी, पण फरक कळतो. ही मागणी फुकटातली आहे, विसरू नका.

प्रकरण अधिकृत तक्रारीपर्यंत गेलं तर तुमच्या फोनचा आकडा पुरावा म्हणून टिकेलच असं नाही. तिथे तपासलेलं, प्रमाणित यंत्र लागतं आणि ते घेऊन येणारा अधिकारी लागतो. तुमचं मोजमाप त्याला बोलवायला कारण देण्यापुरतं आहे.

पायरी ४: बोला, पण पहाटे नाही

पहाटे खिडकीतून ओरडणं ही मी केलेली सर्वांत मोठी चूक. त्या माणसाचा दिवस रात्री दोनला सुरू झालेला होता, अजून बऱ्याच ठिकाणी पोचायचं होतं. मी ओरडले, त्याने वर बघितलं, आणि पुढचे काही महिने आमच्यात अबोला आणि जास्त खडखडाट असं चाललं. ओरडण्याने बाकीची इमारत जागी झाली ती वेगळीच.

दुपारी, दुकानात गर्दी नसताना जा. एकटे जा किंवा फार तर एक शेजारी बरोबर घ्या. पाच-सहा जण गेले की समोरचा माणूस आधी बचावाला उभा राहतो. शेजाऱ्यांशी मात्र आधी बोलून ठेवा, कुणाकुणाला जाग येते ते विचारा. लहान मूल, आजारी माणूस किंवा रात्रपाळीचं कुणी असेल तर ते सांगण्यासारखं आहे.

बोलायची सुरुवात कशी करावी? मी अखेर असं म्हटलं होतं: ‘दादा, मी वरच्या मजल्यावर राहते. पहाटेची गाडी येते ती तुमच्यासाठी गरजेची आहे हे कळतं मला. गाडी यायला माझी हरकत नाही. फक्त रिकामे क्रेट परत चढवताना फेकले जातात, त्याने रोज जाग येते. ते हातात हातात दिले तर माझं काम होईल. गाडीवाल्या भाऊंना तुम्ही सांगाल का?’ दुकानदार थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, ‘एवढंच ना?’

हे ‘एवढंच ना’ आपल्याला हवं असतं. पहिल्या भेटीत एकच गोष्ट मागा, फुकटात होणारी, आणि जी झाली की नाही हे दोघांनाही कळेल अशी. ‘जरा हळू करा’ ही मागणी नाही, तिचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. ‘केबिनचं दार उघडण्याआधी गाणं बंद करा’, ‘उभं राहिल्यावर इंजिन बंद करा’, ‘गाडी खांबाच्या पलीकडे लावा’ या मागण्या आहेत. एक पूर्ण झाली की आठवड्याने जाऊन आभार माना आणि मग दुसरीचं बोला.

ड्रायव्हर भेटला तर त्याचं ऐकूनही घ्या. आमच्याकडे गाडी रोज मागे का घ्यावी लागते ते त्यानेच सांगितलं: पुढच्या वळणावर रात्री एक चारचाकी अशी लावलेली असायची की सरळ जाताच येत नसे. ती चारचाकी आमच्याच इमारतीतली होती. ती हलली आणि ‘टूं-टूं’ पूर्ण थांबलं.

पायरी ५: कुठल्या आवाजावर कुठला उपाय

फुकटातल्या गोष्टी झाल्या की खर्चाच्या गोष्टींकडे वळा. इथे नेमकं काय मागायचं हे माहीत असेल तरच समोरचा ऐकतो.

रिव्हर्सचा आवाज. तो बंद करा असं कधीही मागू नका. अंधारात मागे येणाऱ्या गाडीखाली माणूस येऊ शकतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो आवाज सक्तीचा आहे. मागणी दोन प्रकारची करता येते. एक म्हणजे मागे यावंच लागू नये अशी जागा किंवा दिशा ठरवणं. दुसरी, ‘टूं-टूं’ऐवजी ‘श्श-श्श’ असा आवाज करणारा इशारा बसवणं. या दुसऱ्या प्रकारात एकच पट्टी नसून अनेक पट्ट्या मिसळलेल्या असतात. गाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला तो व्यवस्थित ऐकू येतो, कुठल्या दिशेने येतोय हेही चटकन कळतं, पण लांब गेल्यावर तो आसपासच्या आवाजात विरून जातो. आसपास शांत असेल तर आपोआप हळू वाजणारे इशारेही मिळतात. सुरक्षितता कमी न करता शेजाऱ्यांचा त्रास कमी करणारा हा उपाय मला सगळ्यांत आवडतो. वाहतूकदाराला तो पटवून द्यायला वेळ लागतो, तरी चिकाटी सोडू नका.

चाकं आणि फरशी. ढकलगाडीला कडक प्लॅस्टिकची किंवा लोखंडी चाकं असतील तर मऊ रबराची लावता येतात. तेवढं जमत नसेल तर गाडीपासून दुकानाच्या दारापर्यंत रबराची चटई अंथरायची आणि काम झालं की गुंडाळून ठेवायची. पायरी किंवा उंबरठ्यापाशी पत्र्याचा उतार ठेवलेला असतो, तो दर फेरीला वाजतो. त्याच्याखाली रबराची पट्टी चिकटवली की आवाज निम्म्याहून जास्त मरतो. हौद्याच्या तळाला चटई, फाळका जिथे टेकतो तिथे रबराचे गट्टू, साखळीवर जुन्या पाइपचं आवरण: ही सगळी तासाभराची कामं आहेत आणि कुठल्याही गॅरेजात होतात. शटरला तेल घालणं हेही त्यातलंच.

शीतयंत्र. बऱ्याच यंत्रांना विजेवर चालायची सोय असते. दुकानाबाहेर योग्य जोडणी असेल तर गाडी उभी असेपर्यंत डिझेल बंद ठेवता येतं. माल दहा मिनिटांत उतरत असेल तर तेवढा वेळ यंत्र बंद ठेवलं तर चालेल का, हे विचारून बघा. मात्र मालाला ठरावीक तापमान लागत असेल तर ते ‘नाही’ म्हणतील आणि ते बरोबर असेल. अशा वेळी गाडी उलट तोंड करून लावायला सांगा. यंत्र पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे त्याचं तोंड खिडक्यांपासून लांब जातं.

विजेवरची गाडी. तिचा हळू चालतानाचा आवाज खरोखरच कमी असतो. वेग वाढला की टायरचा आवाज वरचढ होतो आणि फरक कमी होत जातो, पण गल्लीत गाडी हळूच चालते. युरोपात जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या विजेच्या गाड्यांना २० किलोमीटर वेगापर्यंत पादचाऱ्यांसाठी मुद्दाम आवाज करावा लागतो. तो इंजिनाएवढा त्रासाचा नाही. पण फाळका, क्रेट आणि पिंजरे विजेवर चालत नाहीत. गाडी बदलली की सगळं मिटेल अशी आशा कुणी दाखवली तर उरलेल्या यादीची आठवण करून द्या.

हे सगळं स्वप्नरंजन नाही. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘पीक’ नावाची योजना आहे. रात्री ११ ते सकाळी ७ या वेळात माल उतरवताना होणारा आवाज साडेसात मीटरवर ६० डेसिबलच्या आत ठेवणारी गाडी आणि साधनं, अशी तिची कसोटी आहे. संध्याकाळी ७ ते ११ साठी ६५. त्यासाठी शांत फाळके, शांत पिंजरे, शांत शीतयंत्रं तयार झाली आणि ती बाजारात मिळतात. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी दिवसाचे रस्ते मोकळे ठेवायला दुकानांचा माल मोठ्या प्रमाणावर रात्री आणावा लागणार होता. तेव्हा तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने शांतपणे माल उतरवण्याची आचारसंहिता तयार केली. तिच्यातल्या बऱ्याच सूचना वर लिहिल्या आहेत तशाच साध्या: इंजिन बंद करा, रेडिओ बंद करा, दरवाजे आपटू नका, हळू बोला.

पायरी ६: बोलून झालं नाही तर लिहा

दोन-तीनदा बोलून महिनाभर वाट बघितली आणि काहीच बदललं नाही, तर लेखी जा. आधी दुकानदार आणि वाहतूकदाराला पत्र, मग प्रशासनाकडे तक्रार. हा क्रम मोडू नका. ‘आधी त्यांच्याशी बोललात का?’ हा पहिला प्रश्न असतो आणि तुमच्याकडे तारखेसह उत्तर हवं.

तुमच्या ठिकाणी ‘रात्र’ कधी संपते हे आधी बघा. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र १० ते ६ धरली आहे, निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि अगदी आणीबाणी सोडून निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला बंदी आहे. इंग्लंडमध्ये रात्रीच्या आवाजाच्या कायद्यात ११ ते ७ ही वेळ आहे, आणि १९९० च्या पर्यावरण कायद्याखाली उपद्रवाची तक्रार आली तर स्थानिक कौन्सिलला चौकशी करावी लागते. जर्मनीत साधारण १० ते ६ ही रात्र. तिथल्या उद्योग-व्यवसायांच्या आवाजाच्या नियमांत मला आवडलेली एक गोष्ट आहे: सरासरीची मर्यादा वेगळी आणि सुट्या दणक्याची वेगळी. सर्वसाधारण निवासी भागात रात्रीची मर्यादा ४० आणि एकटा दणका त्याहून २० डेसिबलपेक्षा जास्त वर जायचा नाही. झोप कशाने मोडते ते ओळखून केलेला हा नियम आहे.

गाडी पाच पन्नासला येते की सहा दहाला, यावर तुमच्या तक्रारीचं बळ ठरू शकतं. म्हणून वहीतल्या वेळा मिनिटापर्यंत नेमक्या हव्यात. दुकानाला किंवा गोदामाला परवानगी देताना माल उतरवण्याच्या वेळांची अट घातलेली असू शकते. ती अट शोधून काढणं हे डेसिबल मोजण्यापेक्षा कितीतरी सोपं हत्यार आहे, कारण घड्याळाशी वाद घालता येत नाही.

पत्र एका पानाचं ठेवा. कुठे, किती वाजता, आठवड्यातून किती दिवस, कुठला आवाज, आधी कोणाशी कधी बोलणं झालं, आणि नेमकं काय हवं आहे. सोबत वहीच्या पानांची प्रत. ‘असह्य’, ‘भयंकर’ असे शब्द गाळा. त्यांच्या जागी वेळा लिहा. सहीला शेजारी असतील तर उत्तम, पण प्रत्येकाने आपापली नोंद ठेवलेली असेल तर त्याहून उत्तम. गाडीचे फोटो घेताना माणसांचे चेहरे टाळा. भांडण माणसाशी नाही.

पायरी ७: तोवर घरात काय करता येईल

झोपायची खोली बदलता येत असेल तर बदला. रस्त्याच्या विरुद्ध बाजूची लहान खोलीही चालेल. बाकी कुठल्याही उपायापेक्षा याने जास्त फरक पडतो.

नाही जमलं तर खिडकीच्या फटी बघा. आवाज हवेसारखा आत येतो. बोटभर फट राहिली तर महागडी काचही वाया जाते. खिडकी किंचित उघडी असेल तर बाहेरचा आवाज साधारण १५ डेसिबलनेच कमी होतो. नीट बसणारी बंद खिडकी त्याहून बरंच जास्त अडवते. चौकटीला रबरी पट्टी लावणं हा पहिला खर्च असू द्या. दुसरी खिडकी आतून लावायची असेल तर दोन काचांमधलं अंतर मोठं ठेवा, दहा सेंटीमीटर किंवा जास्त. अगदी जवळजवळ बसवलेल्या दोन काचा उष्णतेसाठी चांगल्या, आवाजासाठी तेवढ्या नाहीत. जाड पडदे लावून बघितले आहेत. खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा दणका नाही.

शीतयंत्राची किंवा इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर भिंतीतूनही येते आणि खिडकी बंद केल्यावर उलट तीच जास्त जाणवते, कारण वरचे आवाज गेलेले असतात. तिच्यावर घरात फारसा इलाज नाही. ती मुळातच थांबवावी लागते.

पंख्यासारखा एकसुरी आवाज मंद चालू ठेवला तर दणक्याची धार बोथट होते, पण तो मोठा ठेवू नका. कानात घालायचे फोमचे बोळे नीट बसवले तर चांगले काम करतात: गुंडाळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान मागे-वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचे. घरात धुराचा गजर किंवा रात्री हाक मारणारं आजारी माणूस असेल तर ते ऐकू येतं का, हे आधी तपासा.

पायरी ८: वही टाकून देऊ नका

फरक पडला की वही बंद होते आणि तीन महिन्यांनी सगळं पहिल्यासारखं सुरू झाल्याचं अचानक लक्षात येतं. कारण बहुतेक वेळा साधं असतं. ड्रायव्हर बदललेला असतो, किंवा हमाल नवीन असतात, आणि जुन्यांना जे सांगितलं ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. रबराची पट्टी झिजून पडलेली असते.

म्हणून दुकानदाराला सुरुवातीलाच विनंती करा, की ठरलेल्या चार गोष्टी एका कागदावर लिहून मागच्या दाराला आतून चिकटवाव्यात, माल घ्यायला उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. आमच्याकडे तो कागद तिसऱ्यांदा बदलला आहे, दर वेळी पाणी लागून शाई पसरते. सध्याच्या कागदावर एवढंच आहे: गाडी खांबाच्या पलीकडे. इंजिन बंद. फाळका हाताने धरून खाली. क्रेट फेकायचे नाहीत, द्यायचे.